हरणारा डेक

मला बघायला आलेल्या मंडळींत सगळ्यात जास्त वेळ मान खाली घालून बसले होते ते मुलाचे वडील. एरवी ते काम मुलीचं. पण त्यांच्या हातात मोबाईल होता आणि त्यातून ढोलांचे, तलवारींचे आणि कुणातरी राक्षसाच्या गुरगुरण्याचे आवाज येत होते. आवाज कमी करावा असं त्यांना वाटलं नाही, आणि तसं सुचवायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. मुलाकडचे होते ते. मुलाकडच्यांनी आमच्या पडवीत बसून दात कोरले असते तरी माझ्या चुलत्यांनी काडी आणून दिली असती.

चहा द्यायला वाकले तेव्हा मला त्यांचा स्क्रीन दिसला. मी रोज खेळते तोच खेळ. खेळ सोपा आहे. आपण आठ पत्ते निवडायचे, त्याला डेक म्हणतात. पत्ते एकमेकांना भेटही देता येतात. प्रत्येक पत्ता म्हणजे एखादा सैनिक, जनावर किंवा जादू. पत्ता टाकायला शक्ती लागते आणि ती हळूहळू आपोआप भरत राहते. हलक्या पत्त्याला थोडी पुरते, भारी पत्त्याला पुष्कळ लागते. दोन्हीकडे तीन-तीन बुरूज असतात, समोरच्याचा मधला आधी पाडला की आपण जिंकलो.

त्यांच्या डेकमधले आठच्या आठ पत्ते भारी होते. दोन राजे, एक दगडी राक्षस, एक अजगर, बाकीचेही त्याच तोलाचे. म्हणजे शक्ती भरेपर्यंत हा माणूस नुसता बसून राहणार आणि समोरचा त्याच्या बुरुजाच्या विटा काढत राहणार. तेच चाललं होतं. मग त्यांनी घाबरून राक्षसावर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तो आत्ता नका टाकू. मागून उंदीर येतायत."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, होऊ घातलेल्यालाही. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांच्या डोक्यावर चहा ओतला होता. मामांनी राक्षस टाकलाच. उंदरांनी तो खाल्ला.

"तुला कळतंय व्हय यातलं?" त्यांनी विचारलं.

"थोडंफार."

"मग एकदा मांडू डाव. बैठकीला येतो तवा." आणि मिशीवरून हात फिरवला.

हे थोडंफार मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसून कमावलं होतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे जी माणसं येतात ती बाल्कनीत उभी राहून खाली फोन करतात की मॅडम, व्हॅली दिसत नाहीये. धुकं आहे म्हटलं की विचारतात, मग किती वाजता काढणार? अशांना दिवसभर 'येस सर' म्हणत राहिलं की डोक्याला बुरशी चढते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत लॉबीत चिटपाखरू नसायचं. तेव्हा मी खेळायची. त्या खेळात निदान समोरच्याने चूक केली तर तिचं फळ त्यालाच मिळत होतं, मला माफी मागावी लागत नव्हती.

आमच्या भागातल्या खेळणाऱ्यांचा एक गट होता. टॅक्सीवाले, चिक्कीच्या दुकानातले सेल्समन, खंडाळ्याच्या रिकाम्या बंगल्यांत मालकाच्या वायफायवर पडून असलेले केअरटेकर. इतकी बिनडोक सेना मी दुसरी पाहिलेली नाही. कुठला तरी पोरगा व्हिडिओत ओरडून सांगायचा की हा डेक कुणाच्या बापाला हरत नाही. हे सगळे दुसऱ्या दिवशी तोच डेक उतरवून हरायचे आणि नेटला शिव्या द्यायचे. डेक स्वतः बांधायचा असतो हे त्यांना पटायचंच नाही.

मी माझा बांधला होता. सुरुवातीला मलाही अजगराची हौस होती. मग हरलेले डाव मी पुन्हा लावून बघायला लागले. तशी सोय असते खेळात, पण ती कुणी वापरत नाही, कारण आपण नेमकी कुठे माती खाल्ली हे बघायला कुणाला आवडतं? मला दिसलं की अजगर हातात येतो तेव्हा मी त्याची वाट बघत दोन चांगल्या संधी घालवते. काढला. मग एक देखणी परी होती, तिच्यावर माझा जीव होता, तीही काढली. शेवटी माझ्याकडे उंदरांची टोळी, एक तिरंदाज बाई, लाकडी भिंत असले फुटकळ पत्ते उरले. पण ते पटापट पडायचे आणि एकमेकांच्या मागे उभे राहायचे. डेक सुधारायचा म्हणजे काय आणायचं हे सगळे विचारतात. काय काढायचं हे विचारणारा माणूस मला त्या गटात भेटला नाही.

मामांच्या डेकचं गूढ मला त्यांच्या मुलाने उलगडून सांगितलं. घरच्यांनी परवानगी दिल्यावर आम्ही कार्ले फाट्याजवळच्या एका टपरीवर चार-दोनदा भेटलो होतो. तो तळेगावला कंपनीत होता, शिफ्ट सुटली की यायचा. कमी बोलायचा. मी हॉटेलातल्या लोकांना शिव्या घालायची आणि तो हसून ऐकायचा. मला आधी बघून गेलेले सगळे स्वतःच्या पगाराबद्दल नाहीतर बुलेटबद्दल बोलले होते. हा ऐकत होता. मला तो आवडला. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं, हे मी सरळ सांगते, कारण पुढे मी जे केलं ते त्यासाठी केलं.

"दादा कुणाला काढत नाहीत," तो म्हणाला. वडिलांना तो दादा म्हणायचा. "गावात पॅनेल उभं करतात ना, तसं. पहिला राजा त्यांना कुणीतरी मोठ्या माणसाने दिला. दुसरा सरपंचांनी. अजगर आमच्या वरच्या आळीने गटातून दिलाय. त्यातला एक जरी काढला तरी देणाऱ्याला वाईट वाटेल."

हे ऐकून मी इतकी हसले की टपरीवालीने वळून बघितलं. मोबाईलमधला अजगर काढला तर वरची आळी रुसेल! पण त्याला हसू आलं नव्हतं. त्याला ते खरंच अडचणीचं वाटत होतं.

बैठक ठरली ती दिवाळीनंतर. भाताची मळणी उरकली होती, अंगणात पेंढा रचलेला होता, आणि लग्नाचं बोलायला माणसं मोकळी झाली होती. ही सोयरीक जमवणारे माझे चुलते. आपण सगळ्या मावळातल्या लग्नगाठी बांधतो अशी त्यांची समजूत आहे. मोडलेल्या गाठी ते मोजत नाहीत. बैठकीच्या आधी ते आमच्याकडे आले आणि वडिलांना म्हणाले, "त्या मोबाईलच्या डावाचं काय ठरलं?"

वडील म्हणाले, "त्यात काय ठरायचंय?"

"ठरायचंय न्हाई कसं? सुपारी फुटायच्या आदी पोरीनं सासऱ्याला चारचौघांत हरवलं तर सुपारी कोन फोडंल? तिनं हरायचं."

मला वाटलं वडील काहीतरी बोलतील. माझे वडील भाताच्या बांधावरून शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं भांडू शकतात. पण मुलीकडचे झाले की हीच माणसं पाठीचा कणा काढून खुंटीला टांगतात. वडील जरा विचार करून मला म्हणाले, "हर. पन लय हरू नको. थोडक्यात हर. न्हाईतर म्हनतील, पोरीला काय येत न्हाई."

आई म्हणाली, "आन् तोंड वाकडं करू नको."

मला राग आला. आधी त्यांचा आणि मग माझा, कारण मी हो म्हणाले. एका म्हाताऱ्याच्या खोट्या राज्यासाठी मी माझं लग्न मोडणार नव्हते. डावच तो. हरून टाकू, असं मनाशी म्हटलं.

पण हरणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. मी माझ्या डेकमधून दोन चांगले पत्ते काढून दोन टाकाऊ घातले आणि गटातल्या एका टॅक्सीवाल्याशी खेळून बघितलं. जिंकले. आणखी दोन बदलले. तरी जिंकले, आणि टॅक्सीवाल्याने नेटला शिव्या दिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा मामांपेक्षा बरा खेळतो. मामांसमोर हरायचं तर त्यांचाच डेक नीट समोर पाहिजे. मी मुलाला निरोप टाकला, तुझ्या वडिलांच्या डेकचा फोटो पाठव. त्याने लगेच पाठवला. सोबत त्यांच्या हरलेल्या डावांचेही फोटो पाठवले. कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं नाही. मला वाटलं, किती विश्वास आहे याचा माझ्यावर.

मग मी खरोखरच कामाला लागले. रिसेप्शनवर बसून, समोर पाहुणे गिझर चालत नाही म्हणून भांडत असताना, मी हरणारा डेक बांधत होते. आपणहून बुरूज पाडू शकेल असा एकही पत्ता ठेवायचा नाही. पण एक भारी पत्ता हवा, म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हिने जोर लावला. शक्ती लवकर खर्च होईल असे काही पत्ते हवेत, म्हणजे त्यांचा राक्षस निघेल तेव्हा माझा हात रिकामा असेल. आणि राक्षस वाटेतच मरता कामा नये, म्हणून तिरंदाज बाईला बाहेर काढावं लागलं. भिंत ठेवली, पण ती चुकीच्या जागी टाकायचा सराव केला. एखाद्याला जिंकवून देण्यात जितकं डोकं लागतं तितकं मी जिंकण्यासाठी कधी लावलं नव्हतं. शेवटी तो डेक जमला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची किळसही आली.

बैठकीच्या दिवशी दुपारी मंडळी आली. पडवीतच बसवली, कारण आमच्याकडे रेंज फक्त तिथे आहे. पोहे झाले, कांदाभजी झाली. हायवेवरून गाड्या जात होत्या आणि दोन्हीकडची माणसं मानपानाबद्दल बोलत होती, म्हणजे ती बोलत होती आणि आमची माना डोलवत होती. मग मामांनी हात पुसले आणि फोन काढला.

"आन गं तुझा."

मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. माणसं भोवती सरकली. त्यातल्या निम्म्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण मामांनी स्क्रीनवर खिळा ठोकल्यासारखं बोट मारलं की ती "वा" म्हणायची. मी माझे पत्ते उधळले. भिंत चुकीच्या जागी उभी केली. तरी हा माणूस हरायला लागला. राजा आधी टाकला, तो एकटाच चालत निघाला आणि माझ्या फडतूस भाल्यांनी मेला. अजगर नको तिकडे गेला. माझी माणसं त्यांच्या बुरुजाशी जाऊन पोचली. चुलते माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, जणू मी मुद्दाम जिंकतेय. मी पत्ता टाकायचं थांबवलं, फोन हलतोय असं दाखवून दोनदा पुसला, आणि कसाबसा तो राक्षस माझ्या मधल्या बुरुजापर्यंत येऊ दिला. बुरूज पडला.

पडवीत टाळ्या वाजल्या. वडिलांनीही वाजवल्या. मामा खुशीत येऊन म्हणाले, "डेक बरा हाय पोरी तुझा. पन त्यात राजा न्हाई. राजा ठेव एक. तू घरात आलीस की मी देतो."

"व्हय मामा," मी म्हणाले आणि तोंड वाकडं केलं नाही.

सगळं मनासारखं झालं होतं. सुपारीचं ताट आतून आणायला आई उठली. मी कपबशा गोळा करून मागच्या दारी हौदाशी गेले. माझ्या मागोमाग मामांचा मुलगा आला. हात धुवायला आलोय असं दाखवत हौदाच्या कडेला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "छान हरलीस."

मी वळून बघितलं. "तुला कळलं?"

"सुरुवातीलाच. ती भिंत तू तिथे कधीच टाकणार नाहीस." तो हसत होता. टपरीवर हसायचा तसंच. "मी पण असंच करतो. रोज जेवणानंतर एक डाव असतो आमचा. ते जिंकले की घर शांत राहतं. आईला बोलत नाहीत."

"आणि फोटो? तो डेकचा फोटो तू त्यासाठीच पाठवलास?"

"मग काय? मला वाटलंच तू हुशार आहेस. आता दोघं मिळून सांभाळू. सुरुवातीला जड जातं, मग सवय होते."

तो हे प्रेमाने बोलत होता, त्यामुळे मला जास्तच घाण वाटलं. मी ज्याला ऐकून घेणं समजत होते ते ऐकून घेणं नव्हतंच. तो माझ्याशीही रोजच्या डावासारखाच वागत होता, मी बोलायची आणि तो मला जिंकू द्यायचा. माझ्या एकाही बोलण्यावर तो कधी 'नाही' म्हणाला नव्हता, हे मला त्या हौदाशी उभं राहून आठवलं. मी विचारलं, "आणि मी तिथे तोंडाला फेस येईपर्यंत हरत होते, तेव्हा तू भजी खात बसलास?"

"मग काय करायला हवं होतं?" त्याने खरोखरच विचारलं.

मी हात पुसून पडवीत गेले. आई ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी तिच्या बाजूने पुढे झाले आणि सतरंजीवर बसून म्हणाले, "मामा, आणखी एक डाव."

चुलते म्हणाले, "आता पुरे, सुपारी..."

"खेळू दे की," मामा म्हणाले. ते चांगल्या मनःस्थितीत होते. माझा डेक बदलायला क्षणभर लागला. उंदीर, तिरंदाज बाई, सगळी माझी माणसं.

तो डाव म्हणण्यासारखा झालाच नाही. मामा राजासाठी शक्ती भरायची वाट बघत होते तोवर त्यांचा एक बुरूज गेला. राजा आला, त्याला उंदरांनी घेरलं. राक्षस आला, तो भिंतीवर डोकं आपटत राहिला आणि मागून बाई त्याला टिपत राहिली. या वेळी कुणी "वा" म्हणालं नाही. खेळ कळत नसलेल्यांनाही कोण हरतंय ते कळलं होतं. मला बरं वाटलं का? वाटलं. खूप बरं वाटलं.

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. मला वाटलं आता नेटला शिव्या देतील. चुलत्यांनी तर दिल्याच, "हितली रेंजच तसली हाय." मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मान वर करून दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं.

"तू रोज खेळतूस माझ्यासंगं," ते म्हणाले. "तू कदी असा न्हाई खेळलास."

"तुम्ही लय भारी खेळता दादा, म्हणून..."

"गप."

मामांनी पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. त्या माणसाची मी महिनाभर मनातल्या मनात टर उडवली होती, पण तेव्हा त्यांचं तोंड बघवलं नाही. आपल्या घरात आपण किती डाव खरे जिंकलो हे ते शोधत असावेत. मग ते उठले, टोपी नीट केली, वडिलांना म्हणाले की निरोप धाडतो, आणि गाडीत जाऊन बसले. सुपारी ताटातच राहिली.

ते गेल्यावर आमच्या घरात जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. चुलते म्हणाले मी त्यांचं नाक कापलं. आई रडली. वडील पेंढ्याशी जाऊन उगाच तो सारखा करत बसले. मुलाचा फोन आला नाही, मीही केला नाही.

काही दिवसांनी मी रिसेप्शनवर असताना खेळातल्या खेळात मामांचा निरोप आला. 'राजा काढू का?' एवढंच. मी लिहिलं, दोन्ही काढा. पुष्कळ वेळाने उत्तर आलं की सरपंचाचा काढलाय, दुसरा काढवत न्हाई. मी लिहिलं, मग हरा. त्यावर त्यांनी डाव मांडायचं आमंत्रण पाठवलं आणि हरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. अजगरही गेला होता. आता वरच्या आळीचं काय झालं असेल कुणास ठाऊक. पण त्या दिवशी त्यांनी माझा एक बुरूज पाडला आणि तो मी पाडू दिलेला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी चुलते नकार घेऊन आले. चपला काढायच्या आधीच म्हणाले की सोयरीक मोडली. वडील खाली बघत म्हणाले, "मोडनारच. बापाला चारचौघांत तोंडघशी पाडलं हिनं. कोन करंल सून?"

"बाप तर तयार होता," चुलते म्हणाले. त्यांनाच ते पटत नव्हतं. "हीच पोरगी पायजे म्हनून हटून बसलाय म्हातारा. पोरगंच न्हाई म्हनालं. म्हनालं, तिला हरता येत न्हाई."